हुकूमनामा मिळाला, ताबा नाही

कोणत्या संस्थेवर किती विश्वास आहे, असे लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या सर्वेक्षणांत विचारले जाते तेव्हा उत्तरांचा क्रम साधारण तोच येतो. लष्कर वर, न्यायालये बऱ्यापैकी वर, पोलीस आणि राजकीय पक्ष तळाला. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे, त्यांचीच ही उत्तरे. लोक खोटे बोलतात असे समजायचे कारण नाही. विश्वास आहे तो टीव्हीवर दिसणाऱ्या, दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घुमटावर. धास्ती आहे ती तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाची, जिथे आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो.

न्यायसंस्था आणि लोकशाही यांवर आपल्याकडे जी चर्चा होते ती जवळपास सगळी त्या घुमटाभोवती फिरते. कॉलेजियम, घटनापीठ, कोण न्यायमूर्ती निवृत्तीनंतर कुठे गेले. हे प्रश्न किरकोळ आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण न्यायालयाला लोकांचा आधार कुठून मिळतो यावर गेल्या साठ वर्षांत जे संशोधन झाले ते नीट लावून पाहिले, तर गळती भलतीकडेच दिसते. ती तारखेत आहे आणि दरखास्तीत, म्हणजे निकाल अमलात आणण्यासाठीच्या अर्जात, आहे.

या संशोधनाची सुरुवात डेव्हिड ईस्टन या राज्यशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये केलेल्या एका फरकापासून धरतात. संस्थेला मिळणारा पाठिंबा दोन जातींचा असतो. एक ताज्या कामगिरीवर ठरणारा: निकाल आवडला, पाठिंबा वाढला. दुसरा मुरलेला: निकाल आवडला नाही तरी तो देण्याचा अधिकार त्यांचाच, हे मान्य असणे. न्यायालय जगते ते दुसऱ्यावर, कारण प्रत्येक खटल्यात कोणीतरी हरतोच. पुढे जेम्स गिब्सन आणि ग्रेगरी काल्डेरा या अमेरिकी अभ्यासकांनी हा मुरलेला पाठिंबा मोजण्यासाठी प्रश्न घडवले, आणि ते प्रश्नच पाहण्यासारखे आहेत. ‘तुमचा न्यायालयावर विश्वास आहे का’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. बहुतेकांना न पटणारे निकाल न्यायालय एकामागून एक देऊ लागले तर ते बंदच करून टाकावे का? काही विषयांवर निकाल देण्याचा त्याचा अधिकार काढून घ्यावा का? असे ते विचारतात. म्हणजे नाते सुखाच्या दिवसांत कसे आहे यापेक्षा भांडणाच्या दिवशी टिकेल का, हे तपासतात. नुसता विश्वासाचा प्रश्न कालच्या बातमीनेही हलतो. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयावर बराच विश्वास असलेल्यांचे प्रमाण गॅलप या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या जून २०२२ च्या पाहणीत २५ टक्क्यांवर आले होते, पण न्यायालयाचे अधिकार काढून घ्यायला उरलेल्यांतले किती तयार आहेत हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपल्याकडचे बहुतेक आकडेही याच साध्या प्रश्नाचे आहेत, तेव्हा लष्कराच्या खालोखाल न्यायालय, याचा आनंद बेतानेच मानावा.

याच दोघांनी व्हनेसा बेअर्ड यांच्यासोबत १९९८ मध्ये अनेक देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांची तुलना केली. जुन्या न्यायालयांना मुरलेला पाठिंबा जास्त, नव्यांना कमी, असे त्यांत दिसले. मुरायला वेळ लागतो हे लोणचे घालणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र बरणीत पाण्याचा हात लागला तर मुरण्याऐवजी बुरशी येते. आपल्या दिवाणी न्यायालयांची बरणी दीडशे वर्षांहून जुनी आहे.

मुरलेला पाठिंबा नसेल तर काय बिघडते? न्यायालयाकडे फौज नसते, खजिना नसतो. सर्व अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य होईल असे वागावे असे संविधानाचे १४४ वे कलम सांगते. पण कलम सांगते तेवढ्याने अधिकारी उठत नाही. बॅरी वाइनगास्ट यांनी १९९७ मध्ये मांडलेला मुद्दा असा की, सत्ताधारी मर्यादेत राहतो तो मर्यादा कागदावर असते म्हणून नव्हे. ती कोणती यावर परस्परविरोधी गटांचे एकमत असावे लागते, आणि ती ओलांडली तर हे सगळे एकदम उठतील अशी भीती त्याला असावी लागते. मराठी वाचकाला यासाठी परदेशी जायची गरज नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. आपण गोष्ट इथे थांबवतो आणि अभिमानाने थांबवतो. रघुनाथराव मात्र त्यानंतरही पेशवेच होते. त्यांना दूर व्हावे लागले ते सखारामबापू आणि नाना फडणिसांसह बारभाई एकत्र आले तेव्हा. बारभाईंचे हेतू शुद्ध न्यायाचे होते असा दावा कोणी करणार नाही. निकाल एकट्याने दिला, अंमलाला बारा जण लागले, एवढेच.

पोलंडमध्ये हेच उलट्या बाजूने दिसले. तिथल्या घटना न्यायाधिकरणाने ९ मार्च २०१६ रोजी सरकारने केलेला कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारने न्यायाधीशांना अटक वगैरे काही केली नाही, फक्त तो निकाल तेव्हा राजपत्रात छापला नाही. मोर्चे निघाले, पण सरकारच्या स्वतःच्या मतदारांना हा आपला प्रश्न वाटला नाही, आणि निकाल न छापण्याची किंमत सरकारला पुढच्या निवडणुकीत मोजावी लागली नाही. मतदार अशी किंमत का वसूल करत नाहीत याचा शोध मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलान स्व्होलिक यांनी अमेरिकेत घेतला. लोकांपुढे दोन काल्पनिक उमेदवार ठेवायचे, त्यांतल्या एकाच्या तोंडी लोकशाहीविरोधी भूमिका घालायची, आणि किती लोक त्याला सोडतात ते मोजायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेले उत्तर: प्रत्यक्षात सुमारे साडेतीन टक्के. स्वतःच्या पक्षाचा असेल तर माणूस बरेच पोटात घालतो. अशा समाजात न्यायालयाला वाचवायला जनता आपोआप धावेल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

मग न्यायालये जपून चालतात. गेऑर्ग व्हॅनबर्ग यांनी जर्मन घटना न्यायालयाचा अभ्यास करून हेच दाखवले: लोकांचा पाठिंबा आणि लोकांचे लक्ष, दोन्ही असेल तेव्हाच सरकारला निकाल टाळणे महाग पडते, आणि हे न्यायाधीशांना पक्के ठाऊक असते. १९९५ मध्ये त्या न्यायालयाने बव्हेरियातल्या शाळांच्या वर्गांत क्रूस लावण्याची सक्ती रद्द केली. हजारो लोक म्युनिकच्या रस्त्यावर आले, आणि वर्ष संपायच्या आत बव्हेरियाने नवा कायदा केला: क्रूस राहील, कोणा पालकाने गंभीर हरकत घेतली तर बघू. न्यायालयाची प्रतिष्ठा त्या वेळी घसरली आणि नंतर सावरली, कारण खाली मुरलेल्या पाठिंब्याचा साठा होता.

आपल्याकडे याचा जोड शोधायचा तर खेड-मंचरच्या बैलगाडा घाटात जावे लागेल. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. बंदीच्या काळात शर्यती चोरून होत राहिल्या, गुन्हेही नोंदले गेले. २०१७ मध्ये तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना स्थगिती दिली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्त्या वैध ठरवल्या. ही परंपरा संस्कृतीचा भाग आहे का हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे पीठाने म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असू शकेल. बैलाच्या दृष्टीने नऊ वर्षांत काय बदलले, हे सांगणे कठीण आहे. बदलला होता तो न्यायालयाला आलेला अंदाज, की गावोगाव या बंदीच्या बाजूने उभे राहणारे कोणी नाही.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. न्यायालयावर टीका केली की हा साठा आटतो, असे बेअदबीच्या कायद्याचे समर्थक धरून चालतात. आपला इतिहास नेमका उलट आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, नऊ उच्च न्यायालयांचे मत डावलून सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने बेकायदा अटकेविरुद्धचा दरवाजा बंद केला. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. आणीबाणी उठल्यावर न्यायालयाने जनहित याचिकांची वाट रुंद केली, ती गमावलेली पत परत मिळवण्यासाठीही होती, असे उपेंद्र बक्षी यांच्यासह अनेक अभ्यासक मानतात. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून निकालाची चिरफाड केली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या पत्राने न्यायालय लहान झाले नाही.

आता मूळ प्रश्न. हा मुरलेला पाठिंबा तयार कुठे होतो? अमेरिकेतल्या बहुतेक नागरिकांचा सर्वोच्च न्यायालयाशी संबंध येतो तो झगे, हातोडा, संगमरवरी पायऱ्या या चिन्हांमधून, आणि जितकी ओळख अधिक तितका आदर अधिक, असे गिब्सन-काल्डेरांचे निरीक्षण आहे. ते आपल्याकडे जसेच्या तसे आणता येत नाही. आपली ओळख चिन्हांशी कमी आणि व्हरांड्याशी जास्त. इथे टॉम टायलर या अमेरिकी अभ्यासकाचे काम अधिक उपयोगी पडते. १९८४ मध्ये शिकागोतल्या १,५७५ लोकांना त्यांनी पोलीस आणि न्यायालयाच्या अनुभवाविषयी विचारले, आणि त्यांतल्या ८०४ जणांना वर्षभराने पुन्हा विचारले. लोक कायदा मानतात ते केवळ शिक्षेच्या भीतीने नाही, आणि न्यायालयाविषयीचे मतही जिंकलो की हरलो एवढ्यावर ठरत नाही. बोलायला मिळाले का, समोरचा तटस्थ होता का, माणूस म्हणून वागवले का, याचे वजन मोठे निघाले.

हे मोजमाप घेऊन तालुक्याच्या कोर्टात जाऊ. विवाहित बहिणीने भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला आहे, असा नेहमीचा प्रकार धरा. कोर्ट फी भरली, वकीलपत्र दिले, सात प्रतिवादींना समन्स निघाले. सहांना लागले, सातवा भिवंडीला, पत्ता जुना, समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा शेरा ‘मिळून आला नाही’. तो हजर होईपर्यंत किंवा पर्यायी बजावणीचा हुकूम होईपर्यंत दावा तिथेच. दरम्यान एक चुलता वारला. ९० दिवसांत त्याचे वारस दाव्यात आणायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा पडतो. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची मुदत ३० दिवस, फार तर ९०. पण ही मर्यादा पाळलीच पाहिजे अशी नाही, असा अर्थ साध्या दिवाणी दाव्यांत रुजला आहे, त्यामुळे ती लांबते. मग निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. वाद संपेपर्यंत जमीन विकू नका एवढेच मागणे, पण त्यावर मूळ दाव्याइतकीच लढाई आणि वर अपील. त्यानंतर मुद्दे, शपथपत्रावरचा सरतपास, उलटतपास, युक्तिवाद.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात लिहिले आहे की सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. असाधारण कारण असेल तर देता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, आणि असाधारण हे रोजचे झाले. याचे कारण नुसता आळस नाही. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला प्रत्येक तारीख म्हणजे आणखी एक हंगाम. वकिलाच्या त्याच दिवशी तीन कोर्टांत तारखा. न्यायाधीशाच्या बोर्डावर इतकी प्रकरणे की सगळी ऐकणे अशक्य. त्यात निकालांची युनिटे मोजली जातात, तेव्हा किचकट जुना दावा मागे ठेवून सुटसुटीत प्रकरण आधी संपवावे असे वाटणे साहजिक. मुदतीच्या अर्जावर खर्च बसवायची सोय आहे, तो दोन-तीनशे रुपयांचा बसतो, आणि हंगामापुढे दोन-तीनशे रुपये म्हणजे काही नाही.

त्या बहिणीच्या नजरेतून तारखेचा दिवस असा असतो. सकाळची एसटी, अकराला व्हरांड्यात. पुकार होईल म्हणून चहालाही हलायचे नाही. साडेतीनला पुकार होतो. आत दोन मिनिटे काहीतरी बोलणे होते, समोरच्या वकिलाचा इंग्रजीतला अर्ज, कोपऱ्यात सही, रोजनाम्यात एक ओळ. बाहेर येऊन ती विचारते, ‘काय झालं?’ वकील सांगतात, ‘पुढची तारीख.’ टायलरच्या तिन्ही कसोट्या या दोन मिनिटांत नापास झाल्या, आणि अजून कोणी कोणावर अन्यायही केलेला नाही. बंगळुरूच्या ‘दक्ष’ संस्थेने २०१५-१६ मध्ये ९,३२९ पक्षकारांशी बोलून हिशेब काढला होता: दिवाणी पक्षकाराला दर तारखेला सरासरी ४९७ रुपये खर्च आणि ८४४ रुपयांची बुडालेली कमाई.

आणि ती जिंकली तर? शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा, म्हणजे निकालाचा आदेश, न्यायालय स्वतः अमलात आणत नाही. संहितेच्या कलम ५४ प्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला. मोजणीची फी कोणी भरायची यावर वाद. मोजणीदार आला त्या दिवशी भाऊ बांधावर उभे, म्हणून पोलीस बंदोबस्ताचा अर्ज. वाटप तक्ता झाला की हरकती, मग फेरफार, मग सातबारा. दोन कार्यालयांमध्ये कागद पडून राहिला तर त्याची तारीख कोणाच्याच बोर्डावर नसते, कारण न्यायालयाच्या लेखी दावा निकाली निघालेला आहे आणि आकडेवारीत तो यश म्हणून मोजला गेला आहे. ताब्याची आणि पैशांची साधी दरखास्तही अशीच: बारा वर्षांत लावायची, वॉरंट निघते, तिऱ्हाईत उभा राहून म्हणतो की माझा ताबा आहे, आणि त्याच्या हरकतीची चौकशी म्हणजे नवा दावाच.

भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्ये नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत संपवायला सांगितल्या. २०२५ मध्ये त्याने देशभरची मोजदाद मागवली तेव्हा सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती पडून असल्याचे समोर आले, आणि त्यांपैकी ३ लाख ४० हजारांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. दुसरे कोणतेही उच्च न्यायालय या आकड्याच्या जवळपासही नाही. पोलंडच्या सरकारने एक निकाल छापला नाही म्हणून युरोप हादरला. इथे लाखो निकाल छापून, शिक्के मारून, नकला देऊनही अमलात नाहीत आणि त्याला आपण घटनात्मक प्रश्न म्हणत नाही.

न्यायाधीश वाढवा, हे यावरचे ठरलेले उत्तर. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाखांमागे ५० न्यायाधीश सुचवले होते. आज मंजूर पदे धरली तरी आकडा विशीच्या आसपास आहे. वाढवायलाच हवेत. पण कलम ५४ खालचा कागद तहसील कचेरीत अडकला असेल तर नवा न्यायाधीश तिथे काय करणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रक्रियेवर एवढा भर दिला तर गोड बोलून अन्याय गळी उतरवण्याचीही सोय होते. हसून दिलेला चुकीचा निकाल चुकीचाच राहतो. शिवाय समोरच्याने आदराने ऐकणे हे आपल्याकडे जात आणि पैसा पाहून ठरते. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी व्हायच्या अटी सांगितल्या, त्यांत समाजात ढळढळीत विषमता नसणे ही पहिली होती, आणि कायद्यापुढे व प्रशासनात समान वागणूक हीही होती. प्रशासनात हा शब्द महत्त्वाचा. हुकूमनामा कोणाचा लवकर बजावला जातो, हे बेलिफ आणि मोजणीदाराच्या पातळीवर ठरते. म्हणून टायलरच्या कसोट्यांना एक जोडावी लागते: जे ठरले ते हातात पडले का?

करायच्या गोष्टी मोठ्या नाहीत आणि बहुतेकांना नवा कायदा लागत नाही. १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा तारीख का पडली, कोणी मागितली, याची ओळ रोजनाम्यात मराठीत लिहून तीच पक्षकाराच्या मोबाइलवर जायला हरकत नसावी. मुदतीचा खर्च समोरच्या पक्षकाराच्या त्या दिवसाच्या खऱ्या खर्चाइतका बसवावा, आणि तो पुढच्या तारखेआधी त्याच्या हातात पडावा. पैशांच्या दाव्यात प्रतिवादीच्या मालमत्तेची यादी निकालानंतर शोधत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच घ्यावी. २०२१ च्या निकालाचा रोख तोच होता. वाटपाचा हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवताना न्यायालयाने अहवालाची तारीख घालावी आणि तो दावा बोर्डावरून काढू नये, म्हणजे तहसीलदारालाही पुकार होईल. वकील संघटना विरोध करतील, विशेषतः खर्चाच्या बाबतीत. त्यांच्याशी बोलावे लागेल, कारण न्यायालयासाठी रस्त्यावर येणारा पहिला गटही तोच असतो. पाकिस्तानात २००७ ते २००९ या काळात बडतर्फ सरन्यायाधीशांना परत आणले ते काळ्या कोटांनीच.

आणि पुढचे सर्वेक्षण घरोघरी न जाता तालुका न्यायालयाच्या फाटकाबाहेर, संध्याकाळी साडेपाचला, एसटीची वाट पाहणाऱ्या लोकांत घ्यावे. प्रश्न तीनच पुरेत. आज आत काय झाले ते तुम्हाला कळले का? तुमचे म्हणणे कोणी ऐकले का? हे न्यायालय उद्या बंद केले, तर तुम्ही काय कराल?